विद्यार्थ्यांची शॉर्टफिल्म आणि पैशांची जुळवाजुळव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या गोष्टीवर पहिली शॉर्टफिल्म करायची आहे, संहिता तयार आहे, पैसे नाहीत. अशा विद्यार्थ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणी फिल्म स्कूलमध्ये आहे, कोणी इंजिनिअरिंग किंवा कॉमर्स करता करता सिनेमा करतंय. उत्तरं दोघांनाही लागू पडावीत अशी लिहिली आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पंधरा मिनिटांच्या शॉर्टफिल्मला किती पैसे लागतात?

संहिता हातात असल्याशिवाय आकडा सांगता येत नाही, पण आकडा कसा काढायचा ते सांगता येतं. समजा, पुण्यातली १८ जणांची टीम चार दिवस सातारा जिल्ह्यातल्या एका गावात शूट करणार आहे. चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण माणशी रोज २५० रुपये धरलं, तर नुसत्या खाण्याचेच १८,००० होतात. कॅमेरा-लेन्स, लाइट, जनरेटर, साउंड रेकॉर्डिस्ट, गाडी, मुक्काम, कपडेपट, आर्ट, दोन हार्ड डिस्क असं एकेक लिहीत जा. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी हव्यात: दर, दिवस, माणसं. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावचा दर फोन करूनच विचारा.

विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये बहुतेक वेळा शूटिंग असतं आणि त्यानंतरचं काहीच नसतं. एडिट, रंगसंस्कार, फोली (पावलांसारखे आवाज नंतर वेगळे रेकॉर्ड करणं), साउंड मिक्सिंग, इंग्रजी सबटायटल्स, डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल प्रत) आणि महोत्सवांच्या प्रवेश फी, हे सगळं शूटिंगनंतर येतं. तोवर खातं रिकामं झालेलं असतं. हा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळा काढून ठेवा. सगळ्याच्या वर किमान दहा टक्के अडीनडीसाठी धरा.

२. आम्हाला कोण ओळखतं? लोक पैसे का देतील?

तुम्हाला ओळखणारेच देतील. अनोळखी माणूस इंटरनेटवर तुमची गोष्ट वाचेल, भारावेल आणि पाच हजार पाठवेल, या आशेवर मोहीम उभी करू नका. लोकवर्गणीचा दाखला म्हणून १९७६ च्या ‘मंथन’चं नाव हमखास घेतलं जातं. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा तो चित्रपट झाला, हे खरंच आहे. पण ते शेतकरी दूध संघांच्या जाळ्यात आधीच बांधलेले होते आणि गोष्ट त्यांचीच होती. तुमचं असं जाळं कोणतं? शाळेची जुनी बॅच, सोसायटी, आईची भिशी, वडिलांच्या ऑफिसातले सहकारी, कॉलेजचा नाट्यसंघ, गावाकडची भावकी. कागद घ्या आणि शंभर नावं लिहा. साठावर अडकलात तरी चालेल, पण यादी करण्याआधी मोहीम जाहीर करू नका.

३. पैसे मागायला लाज वाटते. मेसेज कसा लिहायचा?

सगळ्यांना एकच फॉरवर्ड धाडलात तर कोणी उत्तर देत नाही. एकेकाला नावाने, ठरावीक रकमेसाठी आणि ठरावीक कामासाठी विचारा. शाळेतल्या जुन्या बाईंना लिहायचं असेल तर साधारण असं:

“बाई, नमस्कार. मी २०१८ च्या दहावी ‘ब’मधला. तुम्ही स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचात, त्यात मी पडदा ओढायचो. आता आठवीतल्या एका मुलीवर पंधरा मिनिटांची फिल्म करतोय. तिला शाळा सोडून आईसोबत ऊसतोडीला जावं लागतं, अशी गोष्ट आहे. शूटिंगच्या एका दिवसाचं सगळ्यांचं जेवण ४,५०० रुपयांचं आहे. त्यातले १,००० तुम्ही द्याल का? नाही जमलं तरी संहिता वाचून कशी वाटली ते नक्की सांगा.”

यात ओळख आहे, गोष्ट आहे, रक्कम आहे आणि नाही म्हणायला जागाही आहे. ‘यथाशक्ती मदत करा’ म्हटलं की समोरचा गोंधळतो आणि विषय टाळतो. दहा दिवसांनी एकदा आठवण करा. तिसऱ्यांदा विचारू नका.

४. क्राउडफंडिंगच्या, म्हणजे लोकवर्गणीच्या साइटवर जावं की थेट क्यूआर कोड द्यावा?

दोन-तीन लाखांच्या आतली फिल्म असेल आणि देणारे बहुतेक ओळखीचे असतील, तर थेट बँक खातं किंवा यूपीआय बरं पडतं. साइट स्वतःची फी, पेमेंटचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून घेते. एक सोय मात्र साइटमुळे होते. परक्या माणसाला पान बघून भरवसा वाटतो आणि किती जमले हे सगळ्यांना दिसतं.

साइट निवडलीत तर दोन गोष्टी आधी वाचा. लक्ष्य पूर्ण झालं नाही तर पैसे देणाऱ्यांना परत जातात की जमले तेवढे तुम्हाला मिळतात? आणि एकूण कपात किती? समजा कपात ८ टक्के आहे आणि हातात २,७२,८०० हवेत. मग लक्ष्य २,७२,८०० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे २,९६,५०० ठेवावं लागेल.

थेट घेणार असाल तर फिल्मसाठी वेगळं बचत खातं उघडा. घरखर्चाच्या खात्यात फिल्मचे पैसे मिसळले की महिन्याभरात हिशेब लागेनासा होतो. आलेली आणि गेलेली प्रत्येक रक्कम एका शीटमध्ये लिहा आणि ती शीट पैसे देणाऱ्यांना बघता येईल अशी ठेवा. देणाऱ्याला नाव जाहीर करायचं नसेल तर ‘एक हितचिंतक’ लिहा. यावर आम्ही हटून बसतो, कारण उघडा हिशेब बघितलेला माणूस तुमच्या पुढच्या फिल्मलाही पैसे देतो.

५. किकस्टार्टरवर मोहीम चालवता येईल का?

किकस्टार्टर ही परदेशी क्राउडफंडिंग साइट. तिथे मोहीम चालवणारा त्यांच्या यादीतल्या देशाचा रहिवासी असावा लागतो आणि त्या यादीत भारत नाही. अमेरिकेतल्या चुलतभावाच्या नावाने मोहीम उघडायची युक्ती बरेच जण विचारतात. ती करू नका. मोहिमेची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर येते, कराचा प्रश्न त्याच्या देशात उभा राहतो आणि पैसे इकडे आणताना प्रश्न १२ मधली अडचण येतेच.

६. कॉलेज किंवा सरकार पैसे देतं का?

पुण्याच्या एफटीआयआयसारख्या सरकारी फिल्म संस्थेत अभ्यासक्रमातल्या फिल्मचा खर्च संस्था उचलते आणि फिल्मचे हक्कही संस्थेकडे राहतात. तुमच्या संस्थेचा नियम लेखी मागून घ्या. काही खाजगी संस्थांत खर्च विद्यार्थ्याचा आणि हक्क संस्थेचे अशीही अट असते. अशा वेळी बाहेरच्यांकडून पैसे घेण्याआधी संस्थेचं पत्र हातात हवं.

राज्य सरकारचं मराठी चित्रपटांना मिळणारं अनुदान पूर्ण लांबीच्या, तयार झालेल्या चित्रपटांसाठी आहे. त्यावर शॉर्टफिल्मचं बजेट मांडू नका. कॉलेजकडून रोख रकमेपेक्षा वस्तू आणि जागा मागा (प्रश्न १६).

७. आधी थोडं शूट करून दाखवलं तर उपयोग होतो?

खूप होतो. आपल्याकडे हे अगदी पहिल्यापासून चालत आलं आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीत वाटाणा पेरला, त्याला कोंब फुटून वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ती छोटीशी फिल्म सावकाराला दाखवून भांडवल मिळवलं. पुढे ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला.

तुमच्या फिल्ममधलं दीड-दोन मिनिटांचं एक दृश्य निवडा. एक जागा, दोन माणसं, दिवसाचा उजेड पुरे. मोबाइलवर शूट करा, पण आवाज नीट घ्या. चित्र थोडं कच्चं असलेलं माणसं चालवून घेतात, संवाद ऐकू आला नाही तर बघणं सोडून देतात. त्यानंतर तुम्ही स्वतः कॅमेऱ्याकडे बघून मिनिटभर बोला: गोष्ट काय, पैसे कशाला हवेत, किती हवेत.

८. मोहीम कधी सुरू करावी?

शूटिंगच्या तारखेवरून मागे या. शाळेत शूट करायचं तर वर्ग मोकळे मिळतात ते दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. तुमचे बालकलाकारही तेव्हाच मोकळे असतात. उभा ऊस आणि तोड दाखवायची तर हिवाळा गाठावा लागतो. मे महिन्यात शूट असेल तर मोहीम फेब्रुवारीत संपलेली हवी, कारण मार्चमध्ये निम्म्या घरांत परीक्षा असतात आणि नोकरदारांच्या पगारातून कर कापला जात असतो. मोहीम महिन्याभराची पुरे. पहिल्या आठवड्यात घरच्यांचे आणि मित्रांचे पैसे आलेले दिसले की बाकीचे सरसावतात, म्हणून त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

९. बदल्यात काय द्यायचं?

कमी द्या, पण दिलेला शब्द पाळा. टी-शर्ट, मग, पोस्टर छापून कुरियर करण्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. श्रेयनामावलीत नाव, संहितेची प्रत, शूटिंगच्या दिवसांचं लिहिलेलं टिपण, गावात पहिला खेळ झाला तर त्याचं आमंत्रण एवढं पुरेसं आहे. नावं छापण्याआधी ज्याची त्याला स्पेलिंगसकट दाखवून घ्या.

‘फिल्म तयार होताच यूट्यूबवर टाकू’ हे मात्र लिहून बसू नका. आधीच सार्वजनिक झालेली फिल्म कित्येक महोत्सव घेत नाहीत. मदत करणाऱ्यांना पासवर्ड असलेली खाजगी लिंक देता येते. सगळ्यांसाठी ती कधी खुली होईल ते महोत्सवांवर अवलंबून आहे, असं सुरुवातीलाच सांगा.

१०. एक काका ५०,००० देतायत, पण ‘निर्माता’ म्हणून नाव हवंय. द्यावं का?

लेखी कराराशिवाय नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरलं जातं, म्हणजे फिल्म करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला. पडद्यावर ‘निर्माता’ लिहिलं की उद्या हक्क कोणाचे यावर वाद होऊ शकतो. ‘सहयोगी निर्माता’ किंवा ‘विशेष आभार’ असं श्रेय द्या. ‘ही मदत आहे, फिल्मचे हक्क अमुक व्यक्तीकडे राहतील’ अशा चार ओळी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. काका रागावतील अशी भीती वाटते. पण बक्षीस मिळाल्यावर भांडण्यापेक्षा हे आज बोललेलं चांगलं. नफ्यात वाटा किंवा व्याजासकट परतफेड असं आश्वासन तर लोकांना देऊच नका. लोकांकडून ठेवी घेण्यावर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे आणि साइटवरून हिस्सेदारी विकायला आपल्याकडे परवानगी नाही.

११. जमलेल्या पैशांवर कर लागतो का? देणाऱ्याला ८०जी कलमाखाली देणगीवरची करसूट मिळते?

नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० च्या वर गेली, तर वरची रक्कमच नव्हे, सगळी बेरीज करपात्र उत्पन्नात धरली जाते. नातेवाईक कोण, हेही कायद्यात ठरलेलं आहे. आईवडील, आजीआजोबा, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी त्यात येतात. चुलतभाऊ आणि मावसबहीण येत नाहीत. काही मोबदला देऊन पैसे घेतले असतील तर ते भेट न धरता व्यवसायाची जमा धरले जाऊ शकतात. तेव्हा खर्च वजा होतो, पण बिलं असतील तरच. म्हणून चहावाल्याकडूनसुद्धा पावती घ्या आणि पैसे येण्याआधी एकदा सीएकडे जाऊन या. तुमचं एकूण उत्पन्न करमर्यादेच्या खाली असेल तर कर शून्यही होईल, तरी हिशेब लागतोच.

८०जीची सूट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, तुमच्या खात्यात टाकलेल्या पैशांवर नाही. ‘आमच्या ट्रस्टमधून फिरवून घ्या’ असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. आणि आवाहनात ‘सामाजिक कार्यासाठी निधी’ असे शब्द वापरू नका. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावं लागतं. तुम्ही फिल्म करताय, तर फिल्म असंच लिहा.

१२. परदेशातले मराठी लोक पैसे द्यायला तयार आहेत. घेऊ का?

देणारा कुठे राहतो यापेक्षा त्याचा पासपोर्ट कुठला आहे हे बघा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) का असेना, परकीय देणग्यांवरच्या एफसीआरए कायद्यानुसार परकीय स्रोत आहे. सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कामासाठी अशा देणग्या घ्यायला केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती विद्यार्थ्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही. जवळच्या नातेवाइकांना सूट आहे, पण तिथली नातेवाइकांची व्याख्या प्रश्न ११ मधल्या व्याख्येपेक्षा अरुंद आहे. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळातले बरेच जण आता तिथले नागरिक आहेत. त्यांना पैशाऐवजी सबटायटल्स तपासायला सांगा, फिल्म झाली की तिथे खेळ लावायला सांगा.

१३. आमच्या फिल्ममध्ये बारा वर्षांची मुलगी आहे. त्यासाठी वेगळा खर्च धरायचा का?

हो, आणि पैसे कमी पडले तरी या ओळीला हात लावायचा नाही. चौदा वर्षांखालच्या कलाकारांसाठी बालकामगार कायद्याचे नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. दर पाच मुलांमागे जबाबदार असलेली एक मोठी व्यक्ती हवी. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जातात.

बजेटवर याचा थेट परिणाम होतो. मुख्य कलाकार दिवसाला पाचच तास मिळत असेल, तर तीन दिवसांत उरकेल असं वाटणारं शूट पाच दिवसांवर जातं. सोबत येणाऱ्या आईची त्या दिवसांची मजुरी बुडते, तीही भरून द्यायला हवी. ‘मुलीला आवडतंय, तिला थकवा नाही’ असं सेटवर कोणीतरी म्हणतंच. तेव्हा पॅकअप म्हणण्याची जबाबदारी दिग्दर्शकाकडे न ठेवता दुसऱ्या कोणाकडे तरी आधीच सोपवून ठेवा.

१४. त्याच मुलीला निधी मागण्याच्या व्हिडिओत दाखवलं तर चालेल?

आईवडिलांची त्या व्हिडिओपुरती वेगळी लेखी संमती घेऊन आणि मुलीला विचारून. तिचं खरं आडनाव, शाळा, गाव सांगू नका. घरची गरिबी दाखवून पैसे मागू नका. ती भूमिका करणारी कलाकार आहे आणि व्हिडिओ तिच्या वर्गातली मुलंही बघणार आहेत.

१५. गोष्ट पहिल्या पाळीवर आहे. नातेवाइकांना काय सांगू?

जे आहे तेच. ‘मुलीच्या मोठं होण्याची गोष्ट’ एवढंच सांगून आत्याकडून पैसे घेतले आणि पहिल्या खेळाला ती अवघडली, तर दुखावेल ती तुमच्या लपवण्याने. विषय पहिल्याच वाक्यात सांगा. काही जण मागे हटतील. पण अशा विषयाला शाळेतल्या बाई, गावातल्या आशाताई, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर स्वतःहून पुढे येतात, असा आमचा अनुभव आहे. संहिताही त्यांच्याकडून वाचून घ्या. मुलींच्या बारीकसारीक गोष्टी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. बालकलाकाराच्या पालकांना मात्र अख्खी संहिता वाचायला दिल्याशिवाय होकार घेऊ नका.

१६. पैसे नाहीत, पण वस्तू द्यायला लोक तयार आहेत. बजेटमध्ये कसं धरायचं?

बाजारभावाने लिहा आणि पुढे ‘मिळालं’ अशी खूण करा. खानावळवाल्या मावशींनी दोन दिवसांचं जेवण दिलं, शाळेने वर्ग दिला, कोणी टेम्पो डिझेलवर दिला, हे सगळं पैशांइतकंच आहे आणि श्रेयही तितकंच द्या. जागा निवडताना विचार करा. वाईजवळच्या मेणवलीसारख्या, नेहमी चित्रीकरण होणाऱ्या ठिकाणी लोकांना भाड्याची सवय झालेली असते. आठ-दहा किलोमीटर आत गेलात तर तसाच वाडा घरच्या माणसाच्या शब्दावर मिळू शकतो. एसटी स्थानक किंवा रेल्वे फलाट लिहिण्याआधी परवानगी आणि शुल्क विचारून घ्या. बकरी, कुत्रा, बैल दाखवायचे असतील तर प्राणी कल्याण मंडळाच्या परवानगीचाही वेळ धरा.

१७. रेडिओवर जुनं गाणं वाजताना दाखवायचंय. बारा सेकंदच आहे.

सेकंद कमी असले म्हणून हक्क सुटत नाहीत. रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे, शब्द आणि चालीचे वेगळे. गीतकाराच्या शब्दांवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. परवानगीचा खर्च अख्ख्या आर्टच्या खर्चापेक्षा मोठा होऊ शकतो. आजीच्या तोंडून जात्यावरची पारंपरिक ओवी नव्याने रेकॉर्ड करा, किंवा संगीत शिकणाऱ्या मित्राकडून रेडिओसाठी गाणं बांधून घ्या.

१८. गावातले पुढारी रक्कम देतो म्हणतात, फक्त सुरुवातीला फोटो लावा म्हणतात.

बाकीच्यांसारखंच ‘आभार’मध्ये नाव, फोटो नाही, असं सांगा. बँकेतूनच पैसे घ्या. ते मान्य नसेल तर सोडून द्या. फिल्मच्या आधी फोटो दिसला की ती प्रचाराची वाटते आणि ज्या शाळांत ती दाखवायची आहे त्यांची दारं बंद होतात. दुकानदाराने जाहिरात म्हणून पैसे दिले तर तो व्यवहार वेगळा. त्याचं बिल द्या आणि जमा व्यवसायाची म्हणून लिहा.

१९. आई दागिने गहाण ठेवायला तयार आहे. घ्यावेत का?

नाही. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते हे खरं, पण त्या चित्रपटाची तिकिटं विकली जाणार होती. तुमच्या शॉर्टफिल्मला तिकीटबारी नाही आणि सोनेतारण कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. पैसे कमी असतील तर संहिता छोटी करा. रात्रीची दृश्यं दिवसा आणली की लाइट आणि जनरेटर वाचतो. तीन जागांची एक जागा केली की गाडी वाचते. गोष्ट अशाने बिघडत नाही, बऱ्याचदा ती घट्टच होते.

२०. निम्मेच पैसे जमले. किंवा शूट अर्धवट राहिलं. मग?

मोहिमेआधीच दोन आकडे ठरवा: पूर्ण फिल्मचा आणि त्याखाली फिल्म होऊच शकत नाही असा. खालचा आकडाही गाठला नाही तर पैसे परत करा. ही अट पहिल्या मेसेजमध्ये लिहिलेली असू द्या. दोन्हींच्या मधे अडकलात तर शूट करा, एडिटचा पहिला कच्चा कट करा आणि उरलेल्या कामासाठी पुन्हा त्याच लोकांकडे जा. या वेळी दाखवायला तुमच्याकडे फिल्म असते.

शूट मधेच थांबलं, पाऊस आला, कलाकार आजारी पडला, तर आठवड्याच्या आत सगळ्यांना कळवा: काय झालं, किती खर्च झाले, किती शिल्लक आहेत, पुढची तारीख कोणती. फिल्म होणारच नाही असं ठरलं तर शिल्लक रक्कम ज्याने जितकी दिली त्या प्रमाणात परत करा आणि बिलांसकट हिशेब पाठवा. फिल्म पूर्ण होऊन पैसे उरले, तर आधी बालकलाकारांच्या आणि फुकट काम केलेल्या तंत्रज्ञांच्या मानधनाकडे वळवा, मग महोत्सवांच्या फीकडे.